गगनबावड्याचं लाकडी घर: ओल येते कुठून, जाते कुठून

कोल्हापूर जिल्ह्याचा पाऊस पूर्वेकडून पश्चिमेकडे बघत गेलं, तर हा एकच जिल्हा आहे यावर विश्वास बसत नाही. शिरोळच्या उसाच्या पट्ट्यात वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, कोल्हापूर शहरात १,००० च्या आगेमागे, आणि शहरापासून साधारण ५५ किलोमीटरवर, करूळ आणि भुईबावडा घाटांच्या माथ्यावर बसलेल्या गगनबावड्यात ५,००० च्या वर. त्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पावसात दहापटीचा फरक असताना घराचा नकाशा मात्र आता जवळपास एकच झाला आहे. तोच सिमेंटचा गिलावा, तोच स्लॅब, त्याच सरकत्या काचांच्या खिडक्या. शिरोळला जे घर बरं चालतं, तेच गगनबावडा तालुक्यातल्या साळवणला किंवा असळजला तिसऱ्या पावसाळ्यात घाम गाळायला लागतं.

या सगळ्यात सगळ्यात नाजूक असतं ते लाकूड. तालुक्यातल्या जुन्या घरांत ते दोन तऱ्हांनी येतं. एक म्हणजे कुडाचं घर: लाकडी मेढी रोवायच्या, मध्ये कारवीच्या काठ्या किंवा बांबूचा कूड विणायचा, त्यावर माती आणि शेण लिंपायचं. दुसरं मातीच्या किंवा जांभ्याच्या भिंतींचं. त्यात खांब, तुळया आणि वरचं सगळं छप्पर लाकडाचं. आता त्यात तिसरी तऱ्हा आली आहे, ती पर्यटकांसाठी उभारलेल्या लाकडी कॉटेजांची. तिन्हींची तक्रार एकच असते, ‘ओल धरते’. या तक्रारीवर दुकानात मिळणारं उत्तरही एकच असतं: आणखी एक वॉटरप्रूफ थर. माझ्या मते प्रश्नच चुकीच्या टोकाकडून विचारला जातो. एवढ्या पावसात घर भिजू नये असा बंदोबस्त कोणालाच पुरता जमलेला नाही, जुन्या माणसांनाही नव्हता. त्यांचं घर भिजायचं आणि सुकायचं. आपण गेल्या तीस-चाळीस वर्षांत भिजण्याच्या वाटा फारशा बंद केल्या नाहीत. सुकण्याच्या मात्र एकेक करून बुजवल्या.

हे कसं झालं ते समजायला लाकडाचा स्वभाव आधी पाहावा लागतो. तोडून वाळवलेलं लाकूडही हवेशी देवाणघेवाण थांबवत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण १२ टक्क्यांवर स्थिरावतो. आर्द्रता ८० टक्के झाली की १६, ९० टक्क्यांना २०, आणि ९५ टक्क्यांना २४ च्या घरात. गगनबावड्यात जुलै-ऑगस्टमध्ये ढग अंगणात उतरलेला असतो, तेव्हा ९० ते ९५ टक्के हा आठवडेच्या आठवडे चालणारा हिशोब आहे. पातळ रीप काही दिवसांत त्या आकड्याला पोचते, वाशाला काही आठवडे लागतात, आणि आठ इंची खांब अख्ख्या पावसाळ्यातही आतपर्यंत पोचत नाही.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मात्र एवढं पुरत नाही. कूज सुरू व्हायला लाकडाच्या पेशींत मोकळं पाणी असावं लागतं, म्हणजे ओलावा साधारण २८ ते ३० टक्क्यांच्या वर जावा लागतो. नुसत्या हवेतून तो तिथपर्यंत जात नाही. पाण्याचा थेंब लागतो. कपाटावर, चपलांवर, देव्हाऱ्याच्या पाठीमागे जी पांढरी-हिरवी बुरशी येते, ती वेगळी. तिला पृष्ठभागाजवळची ८० टक्के आर्द्रताही चालते, आणि ती लाकूड खात नाही, फक्त त्यावर राहते. लोक दोन्हींना ‘बुरशी’च म्हणतात, आणि त्यामुळे उपाय उलटे होतात. कपाटामागची बुरशी दिसली की घाबरून भिंत रंगवली जाते. भिंतीत गेलेल्या तुळईच्या टोकाला कूज लागलेली असते, ती दिसत नाही म्हणून तशीच राहते.

तरीही हवेतली ओल निरुपद्रवी म्हणता येणार नाही, आणि याचं कारण मला या साऱ्या विषयाचा कणा वाटतं. शिरोळच्या घरातलं लाकूड १२-१४ टक्क्यांवर असतं. तिथं एखादं कौल फुटून दोन दिवस गळलं, तरी लाकूड ते पाणी पिऊन घेतं आणि धोक्याच्या रेषेखालीच राहतं. गगनबावड्यात पावसाळ्याच्या मध्यावर तेच लाकूड आधीच २२ वर असतं. तेवढीच गळती त्याला रेषेपलीकडे ढकलते, आणि पुढचे दोन महिने हवा कोरडी होत नाही म्हणून ते तिथंच अडकून राहतं. चूक तीच, पण इथं ती सोसायला लाकडापाशी जागा उरलेली नसते. भारतीय मानकांत लाकडाच्या ओलाव्यासाठी देशाचे चार विभाग केले आहेत, वार्षिक सरासरी आर्द्रतेनुसार. ६७ टक्क्यांच्या वरचे सगळे प्रदेश शेवटच्या विभागात येतात. कागदावर ते ठीक आहे. पण घाटमाथ्यावर आठ महिने बरी हवा आणि चार महिने ढगात बुडालेलं घर, याची सरासरी काढून सुताराला काय सांगायचं?

जुन्या घराकडे या नजरेनं पाहिलं की त्यातल्या अनेक गोष्टींचा अर्थ लागतो. खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करायचा. लाकडाच्या टोकाकडून, म्हणजे आडव्या कापलेल्या रेषांतून, पाणी बाजूंपेक्षा कितीतरी पटींनी वेगानं आत जातं. तळखड्यानं ते टोक मातीपासून तुटतं. वाळवीलाही मग दगडावरून मातीची नळी बांधत यावं लागतं, आणि ती केर काढताना दिसते. पडवीवरचं पाखं इतकं खाली उतरवायचं की उंच माणसाला वाकून आत यावं लागे. पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात, उडणारे शिंतोडे जोत्यापर्यंतच पोचावेत, आणि पश्चिमेचा वारा घाटातून चढून आला तरी झड भिंतीच्या वरच्या भागाला लागू नये, असा तो हिशोब. उरलेली झड अडवायला पश्चिमेच्या बाजूला पेंढ्याची, पाल्याची झापं बांधायची. भिंत आणि झाप यांत हातभर पोकळी राहिली तर झापावर आलेलं पाणी तिथंच निथळतं, आणि मागची भिंत हवेशीर राहते.

मग कौलं. मंगळूरमध्ये बासेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये यंत्रावरच्या कौलांचा कारखाना काढला, आणि पुढच्या काळात ते चौकोनी कौल पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर नळीच्या कौलांची व गवताची जागा घेत गेलं. कौलाला लोक पाणी न लागू देणारी वस्तू समजतात. प्रत्यक्षात ते भाजलेली माती आहे आणि पाणी पितं. एक कौल दोन-सव्वादोन किलोचं, चौरस मीटरला सुमारे १५ कौलं. वजनाच्या दहा टक्के पाणी धरलं तरी चौरस मीटरमागे तीन लिटरच्या वर पाणी छपरात मुरलेलं असतं, आणि रिपा त्याला टेकलेल्या असतात. तरी हे छप्पर पिढ्यान् पिढ्या टिकलं, कारण कौलांच्या फटींतून हवा सतत खेळायची आणि खालून ऊब यायची. दर वर्षी पावसाच्या तोंडावर शाकारणी व्हायची. कौलं उतरवून, झाडून, परतून लावताना प्रत्येक रिपेवरून एकदा तरी हात फिरायचा. आज ज्याला देखभाल म्हणून वेगळा खर्च लावावा लागतो, तो तेव्हा घरच्या कामात जमा होता.

ऊब यायची ती चुलीतून, आणि चुलीबद्दल जरा थांबायला हवं. ‘धुरानं लाकूड टिकतं’ हे सगळे सांगतात, आणि ते खरंही आहे. धुरातली डांबरासारखी द्रव्यं वाशांवर बसतात, किडा-भुंगा त्यापासून लांब राहतो, काजळीच्या थरावर पाणी चटकन धरत नाही. पण मला वाटतं चुलीचं मोठं काम धूर नव्हतं, उष्णता होती. बाहेर २२ अंश तापमान आणि ९५ टक्के आर्द्रता असेल, आणि तीच हवा आत येऊन २७ अंशांपर्यंत तापली, तर तिची आर्द्रता ७० टक्क्यांवर उतरते. पाणी तेवढंच, पण गरम हवेची ते धरण्याची ताकद वाढलेली. वर दिलेल्या आकड्यांत हे बसवून पाहा: ९५ टक्क्यांना २४ वर जाणारं लाकूड ७० टक्क्यांना १३ वर राहतं. माळ्यावरचे वासे, तिथं टांगलेलं बियाणं, आढ्याजवळच्या रिपा, सगळ्यांना जुलैतही मार्चची हवा मिळायची. पाच अंशांची ही ऊब दिवसातून दोनदा, काही तास, आणि राख निवेपर्यंत. वापरलेल्या लाकडाच्या मानानं हा फायदा केवढा मोठा होता!

म्हणूनच ‘खिडक्या उघड्या ठेवा, वारा खेळू द्या’ हा सल्ला पावसाळ्यात अर्धाच खरा ठरतो. जुलैत बाहेरची हवाच ९५ टक्क्यांची. ती घरातून कितीही फिरवली तरी काही सुकवत नाही. उलट कपाटातल्या थोड्या कोरड्या हवेला हुसकावून ओली हवा आणून बसवते. वारा सुकवतो तो ऑक्टोबरपासून पुढे, किंवा मग घरात ऊब असेल तेव्हा. ऑक्टोबर ते मे हा या भागातला सुकण्याचा खरा हंगाम, आणि त्या आठ महिन्यांत लाकूड उघडं असणं पावसाळ्यात झाकलेलं असण्याइतकंच गरजेचं.

आता काय बदललं ते पाहू. चूल गेली, किंवा मागच्या पडवीत गेली. केंद्र सरकारची उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि गॅस खेड्यांत वेगानं पोचला. यात हळहळ करण्यासारखं काहीही नाही. ज्या बायकांनी तीस-तीस वर्षं त्या धुरात भाकऱ्या थापल्या, त्यांच्या फुप्फुसांच्या बदल्यात वासे टिकवायचे असा सौदा कोणी मागू नये. पण घराच्या हिशोबातून रोजची पाच अंशांची ऊब वजा झाली आणि तिच्या जागी काही आलं नाही, याची नोंद घेतली पाहिजे. उलट गॅसच्या ज्योतीतून पाण्याच्या वाफेची तेवढी भर पडते. छताला प्लायवूडचं किंवा पीओपीचं सिलिंग लागलं, म्हणजे कौलांखालची पोकळी खालच्या घरापासून तुटली. आता वर गळलेलं पाणी सिलिंगवर साचतं आणि दिसतं तेव्हा महिना उलटलेला असतो.

भिंतीचं त्याहून वाईट झालं. शेणामातीचा लेप ओल घेतो आणि सोडतो, चुन्याचाही तसाच. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिकसारखा रंग लावला की आतली ओल बाहेर पडायची वाट अरुंद होते. जमिनीतून चढणारी ओल मग आणखी वर जाते, लोणा कमरेच्या वर दिसायला लागतो. कुडाच्या भिंतीला सिमेंट लावणं तर मेढींना जिवंत पुरण्यासारखं आहे. सिमेंटला लवकरच केसासारख्या चिरा जातात, पाणी चिरेतून आत शोषलं जातं, आणि बाहेर यायला तेवढी चीर पुरत नाही. आत माती ओली, तिच्यात लाकूड ओलं. मातीच्या लेपात लाकूड टिकतं ते माती लाकडापेक्षा कमी ओल धरते आणि लाकडातली ओढून घेते म्हणून. माती स्वतः सुकू शकली नाही तर तिचा हा गुण उलटा पडतो.

जर्मनीत हे आधीच घडून गेलं आहे. तिथल्या जुन्या शहरांत लाकडी चौकटींची, मध्ये माती भरलेली शेकडो वर्षांची घरं आहेत. विसाव्या शतकात त्यांची दुरुस्ती सिमेंटनं आणि घट्ट रंगांनी केली गेली, आणि तीन-चार शतकं टिकलेले खांब त्या दुरुस्तीनंतर काही दशकांत कुजले. आता तिथले जतनकार सिमेंट खरवडून पुन्हा माती आणि चुना भरतात. आपल्याकडची कुडाची घरं कोणाला वारसा वाटत नाहीत, त्यामुळे ती पाडली जातात आणि नेमका दोष कशाचा होता हे भिंतीबरोबरच गाडलं जातं.

मोठ्या प्रमाणावरचा धडा कॅनडातल्या व्हँकूवरनं दिला. १९८० आणि ९० च्या दशकांत तिथं लाकडी चौकटीच्या तीन-चार मजली इमारती भराभर उभ्या राहिल्या. दिसायला भूमध्य समुद्राकाठच्या घरांसारख्या, सपाट भिंतींच्या, वळचण नसलेल्या. बाहेरून सिमेंटचा गिलावा, आत थंड प्रदेशांच्या रिवाजानं पॉलिथिनचा पडदा. खिडकीच्या कोपऱ्यातून पाणी शिरलं आणि दोन्हीकडून कोंडलं गेलं. हजारो कुटुंबांची घरं आतून कुजली. तिथल्या प्रांताचे माजी प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) डेव्ह बॅरेट यांच्या चौकशी आयोगानं १९९८ मध्ये अहवाल दिला. त्याआधीच्या पाहणीतून एक साधी गोष्ट पुढे आली होती: भिंतीवरचं छप्पर जितकं बाहेर आलेलं, तितक्या त्या भिंतीच्या तक्रारी कमी. व्हँकूवरचा वर्षाचा पाऊस १,२०० मिलिमीटरच्या आसपास आहे. गगनबावड्याचा चौथा हिस्सासुद्धा नाही.

त्या अनुभवातून तिथल्या अभियंत्यांनी क्रम लावला तो असा: पाणी आधी भिंतीपासून वळवा, आत आलं तर निथळू द्या, निथळलं नाही तर सुकू द्या, आणि या तिन्हीतून सुटेल त्याला टिकेल असं लाकूड वापरा. आपल्याकडे या चौघांतलं शेवटचंच विकत मिळतं म्हणून सगळी चर्चा त्याचीच होते.

न्यूझीलंडनं शेवटच्यालाही फाटा देऊन पाहिला. तिथं १९९० च्या दशकात औषध न मारलेलं, भट्टीत वाळवलेलं रेडिएटा पाईन घराच्या चौकटीत वापरायला मुभा मिळाली. कोरडं लाकूड कुजत नाही हे तत्त्व बरोबर होतं. भिंत कायम कोरडी राहील हे गृहीतक चुकलं. २००२ च्या हन अहवालानं हे चव्हाट्यावर आणलं, २००४ मध्ये इमारत कायदा बदलला, आणि २००९ मध्ये एका मोठ्या लेखा संस्थेनं दुरुस्तीचा अंदाज ११.३ अब्ज न्यूझीलंड डॉलर एवढा मांडला. हेच न्यूझीलंडचं पाईन गेली कित्येक वर्षं कांडला बंदरात उतरतं आणि देशभर जातं. खोक्यांना, फर्निचरला, स्लॅबच्या फळ्यांना ते उत्तम आहे. पण घाटमाथ्यावर कॉटेज बांधणाऱ्यानं स्वस्त आणि सरळ मिळतं म्हणून ते बाहेरच्या भिंतीला औषधाशिवाय लावलं, तर न्यूझीलंडमध्ये जे दहा वर्षांत झालं ते इथं त्याहून लवकर होईल.

लाकूड निवडण्याचं शहाणपण या मातीला नवीन नाही. बावडा ही रामचंद्रपंत अमात्यांची जहागीर. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी साग-शिसवासारखी झाडं परवानगीनं तोडावीत, आणि रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, असा दंडक आहे. तिथं कारण रयतेचं दिलं आहे: ही झाडं वाढवायला माणसाचं आयुष्य जातं. सुतार त्यात आपलंही एक कारण जोडेल. आंब्याचं लाकूड ओलीत लवकर जातं, त्याचा उपयोग आतल्या फळ्यांना. फणसाचा पिवळा गाभा वाळवीला दाद देत नाही. जांभूळ पाण्यात टिकतं म्हणून विहिरींना चालायचं. ऐन आणि किंजळ खांब-वाशांना. आणि यांतल्या कशाचाही बाहेरचा पांढरा भाग टिकत नाही, अगदी सागाचाही नाही. आज बाजारातला कोवळा साग पाहिला तर त्यात निम्मा पांढराच असतो. ‘साग आहे’ म्हणून त्याला जुन्या वाड्यातल्या सागाचा भाव देण्यात अर्थ नाही.

औषधांचंही थोडक्यात पाहू. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण दाबानं लाकडात भरायची पद्धत देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी १९३३ मध्ये शोधली आणि ती जगभर गेली. खांब, कुंपण, पूल यांसाठी तिच्या तोडीचं थोडंच आहे. पण आर्सेनिकमुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती वापरासाठी ती थांबवली गेली. असं हिरवट छटेचं लाकूड वापरलंच, तर त्याचे तुकडे चुलीत किंवा बंबात घालू नयेत, हे गवंड्यापासून मालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक हवं. घराच्या आतल्या वाशा-रिपांना बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण पुरेसं असतं. ते ओल्या लाकडात आपोआप खोल मुरतं, किडा आणि बुरशी दोन्ही आवरतं. मात्र पावसाच्या पाण्यात ते धुऊन जातं, म्हणून वळचणीबाहेर आलेल्या टोकांना त्याचा उपयोग नाही. गावोगाव फासलं जातं ते जळकं ऑइल वरवर राहतं, कपड्यांना लागतं आणि खालची चीर झाकतं. बांबूचं गणित वेगळं: भुंग्याला त्यातलं पिठूळ सत्त्व हवं असतं. पावसाळा सरल्यावर तोडून काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला की ते बरंच निघून जातं. अमावास्येचा आग्रह ज्यानं त्यानं ठरवावा, हंगामाचा मात्र सोडू नये.

पत्र्याची गोष्ट राहिली. कौलं परतणारी माणसं मिळेनाशी झाली, माकडं कौलं फोडतात, आणि शाकारणीचा खर्च दर वर्षीचा. पत्रा आला तो या कारणांनी, आणि ती कारणं खोटी नाहीत. पत्रा पाणी पीत नाही ही त्याची जमेची बाजू. पण ऑक्टोबर ते जानेवारीच्या निरभ्र रात्रींत तो उघड्या आकाशाखाली हवेपेक्षाही गार होतो, आणि त्याच्या पोटाला दव धरून पहाटे खाली ठिबकतं. नेमक्या सुकण्याच्या महिन्यांत रिपा पुन्हा भिजतात. कौल ते दव पिऊन दुपारी सोडून देतं. पत्र्याला ते जमत नाही. पत्र्याखाली हवा वाहायला पन्हळीपासून आढ्यापर्यंत मोकळी वाट ठेवली, तर यातलं बरंच टळतं. आणि इथं एक गंमत आहे. या पट्ट्यात स्लॅब गळतो म्हणून लोक स्लॅबवर खांब उभे करून पत्र्याची शेड घालतात. शहरातले वास्तुविशारद तिला विद्रूप म्हणतात. पण पाणी वळवणारं वरचं कवच, मध्ये वाहती हवा, खाली खरं घर, हीच रचना व्हँकूवरनं इमारती कुजल्यावर भिंतींसाठी सक्तीची केली. घाटमाथ्यावरच्या माणसानं ती आपल्या खर्चानं शोधून काढली, एवढंच.

कॉटेजांकडे येताना मला काळजी वाटते ती एसीची. जुलैत इथल्या हवेतली वाफ २१-२२ अंशांना दव होते. पाहुण्यानं एसी १८ वर लावला की आतल्या भिंतीचा पृष्ठभाग त्याखाली जातो, आणि बाहेरून भिंतीत शिरलेली ओली हवा आतल्या फळीच्या किंवा वॉलपेपरच्या पाठीमागे पाणी होऊन बसते. फ्लोरिडासारख्या दमट किनाऱ्यांवरच्या हॉटेलांत विनाइल वॉलपेपर सोलल्यावर मागे काळी बुरशी निघायची, ती याच कारणानं. थंड देशांत वाफ आतून बाहेर जाते म्हणून प्लास्टिकचा पडदा आतल्या बाजूला. आपल्याकडे एसी चालू असेल तेव्हा ती बाहेरून आत येते. परदेशी नकाशा तसाच उचलला की पडदा उलट्या बाजूला लागतो. गगनबावड्याच्या हवेत, जिथं पावसाळ्यात आत-बाहेर तापमान जवळपास सारखंच असतं, असा पडदा कुठल्याच बाजूला नसणं बरं. दोन्हीकडे सुकणारी भिंत, बाहेर पोकळी सोडून मारलेल्या फळ्या, किमान दोन-अडीच फूट बाहेर आलेलं पाखं, आणि जमिनीपासून फूट-दीड फूट उंच जोतं, एवढ्यावर अर्ध्याहून अधिक काम होतं.

उरतो तो चुलीच्या उबेचा प्रश्न. पूर्वी कपाटात, पेटीच्या कप्प्यात २५-४० वॉटचा पिवळा दिवा लावून ठेवायची युक्ती होती. एलईडी आल्यापासून ती गेली, कारण एलईडी फारसा तापत नाही. ओल शोषणारी यंत्रं मिळतात, बंद खोलीत ती चांगली चालतात, पण कौलांच्या फटी असलेल्या घरात सगळ्या तालुक्याचा पाऊस शोषायला बसतील, आणि पावसाळ्यात घाटमाथ्यावर विजेचा भरवसा किती हे वेगळं सांगायला नको. मला व्यवहार्य वाटतं ते घराचा एक भाग कोरडा राखणं: कपडे, धान्य, पुस्तकं, वाद्यं एका आतल्या खोलीत, तिथं घट्ट दार आणि थोडी ऊब, बाकीच्या घरानं चार महिने ओलं राहावं आणि आठ महिन्यांत सुकावं. जिथं बंबावर पाणी तापतंच, तिथं बंब धुराड्यासह घरात घेऊन ते धुराडं माळ्यातून वर नेलं, तर धूर बाहेर आणि ऊब आत राहते.

यातलं कोणतं घर खरोखर सुकतं आहे हे अंदाजानं ठरवायची गरज नाही. दोन सुया असलेला ओलावामापक काही हजार रुपयांत मिळतो. एका गावात एक पुरतो. प्रत्येक घरात तीन जागा खुणावाव्यात: पश्चिमेच्या भिंतीत गेलेलं तुळईचं टोक, वळचणीतला वाशाचा पाय, आणि तळखड्यालगतचं खांबाचं बूड. जूनच्या आधी, ऑगस्टच्या मध्यात आणि दिवाळीनंतर महिन्याभरानं एकेकदा सुया रोवून आकडा लिहावा. ऑगस्टमध्ये २२-२४ आला तर तो हवेचा आहे. २८ च्या वर गेला तर कुठंतरी थेंब पोचतोय, कौल किंवा पन्हळ शोधावी. आणि दिवाळीनंतरही २० च्या खाली उतरला नाही, तर त्या जागेवरचा गिलावा किंवा सिलिंग त्याच हिवाळ्यात उघडावं.